डाग न पडणारी फरशी

आमच्या सोप्यातली फरशी मी स्वतः निवडली, आणि तेव्हापासून घरात मला काहीही निवडू देत नाहीत.

सोपा म्हणजे दारातून आत आल्याबरोबरची आमची चिंचोळी खोली. चपला, छत्र्या आणि खानापूरच्या शेतावरून आप्पा गुडघ्यापर्यंत घेऊन येतात तो चिखल, सगळं इथंच उतरतं. त्यात माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, बघायला निपाणीचे पाहुणे येणार होते. मुलगा शिक्षक. सुमीला तो फोटोतच आवडला होता. हे तिनं फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं, म्हणजे आमच्या अख्ख्या खासबाग वस्तीला! आता हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, तेव्हा फरशी बदलणं आलंच.

"शहाबादी घाल रं," आप्पा म्हणाले. "पाय धरून ठेवती."

"निदान खरबरीत तरी घ्या, अहो," बायको म्हणाली.

पण मी उद्यमबागेतल्या कारखान्यात सुपरवायझर! (तिथंही माझं कोणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.) दुकानदारानं चकचकीत पांढऱ्या टाइलवर चहा सांडला आणि एका फटक्यात पुसून दाखवला. डाग न्हाय की डागाचा बाप न्हाय! मी तिथंच विरघळलो. ओल्या टाइलवर जरा चालून बघावं, हे काही मला सुचलं नाही.

टाइल बसली. पाहुणे येईपर्यंत ती मळू नये म्हणून मी आप्पांना मागच्या दारानं यायला लावलं. चिखलासाठी घेतलेली फरशी मी चिखलापासून जपत होतो!

पाहुणे आले त्या दिवशी गल्लीत चिखल होता. म्हटलं, आता दाखवतोच! आप्पांनी गावच्या रीतीप्रमाणे दारातच पाहुण्यांच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं. मुलाचे वडील ओल्या पायांनी उंबऱ्यात आले.

"या, या! बिनधास्त या!" मी ओरडलो. "काय बी सांडा, डागच पडत न्हाय!"

डाग नाही पडला. पाहुणे पडले!

मी झेप घेऊन त्यांना धरायला गेलो आणि आम्ही दोघं कबड्डी खेळल्यासारखे थेट चपलांच्या ढिगावर. खाली मी, वर आप्पांचे होणारे व्याही. बापाला उचलायला मुलगा धावला, तोही घसरला आणि बसल्या बसल्याच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तिथं सुमी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी!

"गेलं स्थळ," बायको पुटपुटली. एका टाइलपायी मी बहिणीचं वाटोळं केलं होतं.

सुमीनं बश्या खाली ठेवल्या, तांदळाचं रिकामं पोतं फरशीवर अंथरलं आणि त्यावर पाय रोवून आधी मुलाच्या वडिलांना हात दिला. मग मुलाला. "लागलं न्हाय न्हवं?" तिनं विचारलं. मुलगा तिच्याकडं बघून हसायला लागला, तो पोहे गार झाले तरी हसतच होता.

वडिलांनी सदरा झटकला. "पोरगी आमाला पसंत हाय. मानपान, आहेर, काय बी नको. एकच अट."

त्यांनी खाली बोट दाखवलं.

"लग्नाच्या आदी ही फरशी उखडा!"

"व्हय, व्हय, उद्याच!" मी म्हणालो. उभं राहून, हात जोडून म्हणणार होतो. पण या सगळ्या आनंदात मला उचलायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!