उंटाच्या पिलाचा कान

मस्तुरा खाला ताश्कंदच्या बाहुली-नाट्यगृहात बाहुल्या शिवायची. माझी सख्खी मावशी. तिच्यासारखी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. दार वाजलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि ते उगीच नव्हे.

उंटाच्या पिलाचं ते चित्रांचं पुस्तक एकोणीसशे पस्तीस साली निघालं. चित्रकार नार्झुल्ला हमदमोव यांनी पिलाचा डावा कान दुमडलेला काढला होता, आणि गावची पोरं त्या कानावर जीव टाकायची. दोन वर्षांनी हमदमोवना देशद्रोही ठरवून सरकारी माणसांनी भल्या सकाळी घरातून उचलून नेलं. मागोमाग हुकूम आला: पुस्तक घरी असेल त्याने आणून द्यावं. मग दुसऱ्या कुणी चित्रं काढलेली आवृत्ती निघाली, त्यात दोन्ही कान ताठ. पुढे त्याच आवृत्तीवरून बाहुल्यांचं नाटक बसलं.

खालाने आमची प्रत दिलीच नव्हती. कोनाड्यात रचलेल्या रजयांच्या तळाशी ती दडवलेली असे. दुपारी कडी लावून ती मला चित्रं दाखवायची आणि कुठे बोलणार नाही अशी शपथ घालायची. मी सहा वर्षांची.

पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत सरकारकडून आलेले एक तपासनीस बसले होते. पिल्लू मंचावर आलं आणि मी शपथ विसरून ओरडले, “याचा कान दुमडलेला असतो!”

मागून दहाबारा पोरं तेच ओरडली. आया त्यांची तोंडं दाबू लागल्या. पुस्तक कोणाकोणाच्या घरी आहे, ते एका क्षणात उघडं पडलं होतं.

तपासनीस उठून आमच्याकडे वळले. “कोणी पाहिलाय रे तो कान?” त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. “हात वर करा बघू.”

मी शहाणी. माझा हात वर जायला लागला.

तेवढ्यात खाला पडद्यामागून बाहेर आली. तिने पिल्लू घेतलं आणि सगळ्यांसमोर त्याचा उजवा कान दुमडून टाका घातला. डावा दुमडणं म्हणजे कबुलीच झाली असती.

“चूक माझी आहे साहेब. तालमीला ही कार्टी येऊन बसायची, तेव्हा कान कच्चा शिवलेला होता, लोंबायचा. तेच यांच्या डोक्यात बसलंय.”

ते पुन्हा खाली बसले. खेळ पुढे सुरू झाला.

जाताना तपासनीस तिच्याजवळ थांबून काय बोलले, ते तिने मला फार वर्षांनी सांगितलं. “डावा, खाला. आमच्या घरी डावा आहे.”

ती त्याने जास्तच घाबरली. ज्याचं गुपित आपल्याला कळलं, तो आपल्याला मोकळं का सोडेल? तिने लोकरी मोजे आणि सुक्या पावाचे तुकडे गाठोड्यात बांधून दारामागे ठेवले. न्यायला आले तर हाताशी असावं म्हणून.

कोणी आलं नाही. सतरा वर्षांनी जुनं पुस्तक पुन्हा छापलं, चित्रकाराचं नाव परत आलं, चित्रकार आला नाही. खालाने माझ्या मुलीसाठी नवी प्रत आणली. मी म्हटलं, आता तरी ते गाठोडं सोड. तिने पाव बदलला आणि ते पुन्हा बांधून ठेवलं.