नवी कंपनी, जुना नंबर

लाईट बिलाच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते सकाळी आपणहून येऊन रांगेत उभे राहतात! मारेगावातल्या एका पतसंस्थेत मी कॅशियर. आमच्याकडे लाईटचं बिल रोखीनं घेतात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांचा बँकेच्या ॲपवर काडीचा विश्वास नाही, ते सगळे आमचे!

त्यात यंदा लाईटची कंपनी बदलली. नवी कंपनी, नवे ग्राहक नंबर, आणि काही घरांत तर आधी पैसे भरा मग दिवा लावा असलं नवं मीटर. तेव्हापासून मी जेवढी दचकले, तेवढी अख्ख्या नोकरीत दचकले नव्हते. आमचे शिपाई मनोहरभाऊ हल्ली माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास भरूनच ठेवतात.

*

पहिला झटका दिला पानठेल्याच्या गजाननभाऊंनी. त्यांनी खिडकीवर एक कापडी पिशवी धप्पकन ठेवली.

"मॅडम, दोनशेचा मारून द्या."

"काय मारू?"

"रिचार्ज!"

मी पिशवीत डोकावले आणि किंचाळलेच. आत मीटर! तुटक्या वायरी लोंबत होत्या.

"अहो, भिंतीवरचं मीटर उखडून आणलं?"

"मंग? मोबाईलचा रिचार्ज माराले मोबाईल आनतोच ना आपन!"

"अहो, पण शॉक लागून मेला असतात!"

"कायचा शॉक, मॅडम? बॅलन्स संपला होता न!"

*

आता कौतिकामावशींची ओळख करून देते. बुद्धविहाराच्या मागे एकट्या राहतात. मुलगा राहुल पुण्याला कारखान्यात आहे. आईचं बिल तो तिकडूनच मोबाईलवरून भरायचा. तरी मावशी दर महिन्याला खिडकीवर हजर!

"मावशी, बिल भरलेलं आहे."

"हो का? कवा भरलं?"

"काल."

"बरं झालं बाई," म्हणायच्या आणि हसत निघून जायच्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एकदा मी वैतागले. "मुलगा भरतो ना? मग एवढ्या उन्हात येता कशाला?"

"त्याचा फोन लागत नाही, मॅडम. लागला तं म्हन्ते, 'ड्युटीवर हावो, मंग बोलतो.' दिवाळीलेबी आला नाही. बिल भरलं म्हंजे पोरगं धड हाये, एवढं तं समजते."

त्यानंतर मावशी दिसल्या की मी रांग थांबवून आधी त्यांचा नंबर टाकू लागले.

*

तांड्यावरची बिलं वर्षानुवर्षं हिरासिंग नायकच आणायचे. सगळ्यांची बिलं आणि पैसे एका रुमालात बांधून. नव्या कंपनीचा निरोप आला, नवा नंबर नोंदवायला ज्याच्या नावाचं मीटर त्यानं स्वतः यावं. मी नायकांना तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेसमोर ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली. अख्खा तांडा उतरला! एका म्हाताऱ्या आजीला तर खाटेसकट खाली उतरवलं. नायक एकेकाला खिडकीपुढे उभं करत होते, "हे हाये मीटरवाली. हा हाये मीटरवाला." शेवटी त्यांनी हार घातलेला एक फोटो खिडकीत टेकवला.

"हे काय?"

"हाबी मीटरवाला."

"अहो नायक, हे तर वारले ना!"

"मागच्या सालीच. पन तुमीच म्हनलं ना, सोता आना म्हून!"

मनोहरभाऊंनी न सांगता ग्लास पुढे सरकवला.

*

देवरावभाऊंची तऱ्हा वेगळी. बिल थकलं की फाटकाला कुलूप लावून घरात गुपचूप बसायचं. लाईनमन यायचा, बाहेरूनच "देवरावभाऊ, भरून टाका बाप्पा!" अशी हाक मारायचा आणि परत जायचा. पुढच्या आठवड्यात देवरावभाऊ ऐटीत बिल भरायला यायचे.

नवी कंपनी आली आणि एके दिवशी ते तणतणत खिडकीवर आले. "मॅडम, फाटकाले कुलूप होतं! कुत्रं मोकळं होतं! शिडी घरात होती! तरी लाईन कापली! आत आलं कोन?"

"कोणी नाही हो. नवीन मीटरची लाईन ऑफिसात बसूनच बंद करतात."

देवरावभाऊंनी खिशातली फाटकाची किल्ली काढून खिडकीत ठेवली.

"म्हंजे मंग भांडाचं कोनासंगं?"

*

आणि मग नव्या नंबरांची पहिली बिलं आली. कौतिकामावशी कागद घेऊन आल्या. मी नंबर टाकला. बाकी!

"अजून भरलं नाही, मावशी."

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. बाकीच! शेवटच्या तारखेला मी म्हटलं, "मावशी, तुम्ही भरून टाका, नाहीतर लाईट कापतील."

"लाईटीचं जाऊ द्या हो! माह्यं पोरगं कुठं हाये थे पाहा!"

मावशींकडून नंबर घेऊन मी माझ्या फोनवरून राहुलला फोन लावला. बंद! पुन्हा लावला. बंद! मावशींनी खिडकीचा गज धरला. मनोहरभाऊंनी ग्लास उचलून या वेळी त्यांच्या हातात दिला.

काही सुचेना म्हणून मी जुना नंबर टाकला. जुन्या कंपनीची थकबाकी अजून आमच्याकडेच जमा होते, त्यामुळे तो सुरू होता.

"मावशी! राहुलनं पैसे भरलेत! आज सकाळीच भरलेत! त्याला कंपनी बदललेलं माहीतच नाही, जुन्याच नंबरवर टाकलेत बघा!"

मावशी गजाला डोकं टेकून रडल्या. मीही रडले.

मग त्यांनी डोळे पुसले, पदराची गाठ सोडली आणि पैसे आत सरकवले.

"हे घ्या. आतापासून नव्याचं मी भरत जाईन. तुमी फकत जुनं पाहून मले सांगत जा."

"अहो, असं कसं? त्याचे पैसे फुकट चाललेत! त्याला नवा नंबर पाठवते ना मी. एक मेसेज टाकला की झालं!"

मावशींनी गजातून हात घालून माझा फोन घट्ट धरला.

"नोको माय, नोको. सांगतलं तं म्हनन, 'मंग आता तूच भरत जा.'"