चेटकिणीचं शेवटचं पान

मंगळवारी सकाळी डॉक्टरबाई गेल्या. दवाखान्याचं शटर उघडलं नाही. मी शाळेत होतो. रफिकभाईंनी येऊन सांगितलं आणि ते दारातच बसले.

त्याला आता दीड महिना झाला. डॉ. सुमती मानसोपचाराच्या. नव्वदच्या दशकात त्या हिंगोलीत आल्या, तेव्हा लोक त्यांच्या दवाखान्यात तोंड लपवून जात. भुताखेतांच्या कॉमिक्समुळे लेकरं झोपेतून ओरडत उठतात, असं त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मोहीमच उघडली. शाळाशाळांतून बोलल्या. मी शाळेचा ग्रंथपाल. त्यांच्यासोबत हिंडायचो, कारण माझी सई तेव्हा दुसरीत होती आणि दिवा मालवू देत नव्हती. रफिकभाईंचं एसटी स्टँडसमोर भाड्याने कॉमिक्स देण्याचं दुकान होतं. ते ओस पडलं. "आता मलाच यावं लागंल तुमच्या दवाखान्यात," ते बाईंना म्हणाले, "झोप येऊन न्हाई राहिली." बाई हसल्या, पण हटल्या नाहीत.

एकदा त्यांनी सईला विचारलं, "भीती कशाची वाटते गं?"

"चेटकिणीची. तिनं पोराला धरलंय."

"मग?"

"मग काय? पुढचं पानच न्हाई ना! अजून धरूनच राहिली ती."

बाई मला घेऊन थेट दुकानात गेल्या. गोणपाटावर बसून एकेक कॉमिक मागून उघडू लागल्या. बहुतेकांचं शेवटचं पान गायब. जिंकलेल्या नायकाचं मोठं चित्र त्याच पानावर असायचं. पोरं ते फाडून वहीला चिकटवत. नंतर वाचणाऱ्या लेकरासाठी राक्षस मरतच नव्हता.

ज्या शाळेत मोहीम सुरू केली, तिथेच पुन्हा उभ्या राहून त्या पालकांना म्हणाल्या, "माझं निदान चुकलं. मी पुस्तकं पाहिली, पानं पाहिली नाहीत." भरल्या सभेत असं बोलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग दर रविवारी त्या दुकानात बसून औषधाच्या चिठ्ठ्यांवर गोष्टींचे शेवट लिहीत आणि खळीने चिकटवत. "भूत मारायची फी काय, बाई?" रफिकभाई विचारत. "चहा. साखर कमी." कॉमिक्स मात्र त्यांना अखेरपर्यंत आवडली नाहीत.

सईच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं : चेटकिणीचा हात दुखून आला. तिने पोराला सोडलं. पोरगं घरी जाऊन जेवलं.

सईने ते वाचलं आणि त्या रात्री दिवा स्वतः मालवला.

रफिकभाई आता मोबाइल विकतात. ती कॉमिक्स त्यांनी आमच्या ग्रंथालयाला दिली. खिडकीजवळच्या कपाटात आहेत. शेवटची पानं शाबूत आहेत.