टाचणीचा दादा

माझ्या नवऱ्याला घरात लाडानं चतुर म्हणत. ओढ्यावर भिरभिरणाऱ्या किड्यालाही सासरी आष्टीत चतुरच म्हणत. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे किड्याच्या नावाचीही मला चोरी झाली. ओढ्यावर त्याच्यासारखाच एक बारीक किडा असतो, टाचणी; म्हणून मग मी याला 'टाचणीचा दादा' म्हणायला लागले. रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. लग्नानंतरची पहिली पंचमी तोंडावर आली होती. भाऊ धावड्याहून मला न्यायला येणार म्हणून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

नणंद माझ्याच वयाची आणि भारी आगाऊ. तिनं पैज लावली, "वयनी, तुमचा भाऊ येईस्तोवर तुमच्या तोंडून माझ्या दादाचं नाव निघालं तर माहेर बंद."

"बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या. त्या थट्टेत कधी बोलत नसत. मी तर लग्नापासून आईचं तोंड पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ओढ्यावर धुणं धूत होतो. नणंदेनं गवताकडे बोट केलं, "ही काय?"

"टाचणी."

"अन् त्या दगडावरचं?"

"टाचणीचा दादा."

"कशावरून? दोघं सारखीच तर हायेत."

सारखीच? मला चेव आला. टाचणी बसली की पंख पाठीवर मिटून घेते, दादा बसला तरी पसरूनच. तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, याचे टपोरे, एकमेकांना चिकटलेले. ती गवताच्या बुडाशी लाजत उडते, हा पाटलासारखा अख्खा ओढा फिरून येतो. बोलण्याच्या नादात एक पोलकं वाहून गेलं तरी मी थांबेना.

नणंदेनं लव्हाळ्यावरचा एक किडा दाखवला. "ह्याचे पंख तर उघडे हायेत. मंग ह्यो कोन?"

पंख अर्धवट उघडे होते खरे, पण अंग सुतासारखं आणि डोळे लांब लांब. मला ओळखल्याचा इतका आनंद झाला की म्हटलं, "टाचणीच. चतुर बिलकुल न्हाई."

नणंद टाळ्या पिटायला लागली. काठावर कुणीतरी खाकरलं. वर पाहते तर नवरा उभा आणि शेजारी माझा भाऊ, नुकताच आलेला. मी ओला पदर तोंडावर ओढला. हसू फुटत होतं आणि रडूही. गेलं माझं माहेर.

सासूबाईंनी हातातला पिळा खाली ठेवला. "नाव घेतलं हिनं."

"माझं कुठं घेतलं, माय?" नवरा म्हणाला. "जो चतुर न्हाई त्याला म्हनली. मी तर हाय."

सासूबाई हसता हसता दगडावरच बसल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "जा, गठुडं बांध. अन् पंचमी झाली की जल्दी ये. चतुराला इथं करमायचं न्हाई."