थोरल्या काकांचा पुढच्या सीटचा मान

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पायजे. आमच्या घरातलं दीड वर्षाचं भांडण रोलर कोस्टरवर मिटवायची आयडिया माझी होती.

(व्हय, माझीच. असली आयडिया दुसऱ्या कुणाला सुचणार?)

भांडण कुणाचं? माझे पप्पा आणि कागलचे थोरले काका, सख्खे भाऊ. एका लग्नात फेटेवाल्यानं पहिला मानाचा फेटा पप्पांच्या डोक्याला गुंडाळला. शेजारी थोरला भाऊ उघड्या डोक्यानं उभा! पप्पांनी "आधी आण्णाला बांधा" म्हणायचं का न्हाय? पप्पा फोटोला हसत बसले. काका जेवणाच्या पंगतीतनं उठले, ते थेट कागलला. तिथनं पुढं बोलणं बंद.

आता पुढच्या महिन्यात माझ्या ताईचं लग्न. काका म्हणतात, "बाळ्यानं सोताच्या तोंडानं बोलवलं तरच येणार." पप्पा म्हणतात, "आधी आण्णा बोलू दे." आणि ताई, जी लहानपणी काकांच्या खांद्यावरनं खालीच उतरायची न्हाय, ती रोज संध्याकाळी पत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन रडती.

एक वाक्य पायजे होतं हो! "आण्णा, लग्नाला या." बास!

मग हायवेच्या नव्या मॉलात वरच्या मजल्यावर बंद हॉलमधला रोलर कोस्टर आलाय कळलं, आणि माझं डोकं चाललं. भीतीनं माणसं जवळ येतात, असं मी कुठंतरी वाचलंवतं. आत काय काय होतं ते बघायला पाच व्हिडिओ बघितले. पाचात दिसलं काय? काळोख! नुसता मिट्ट काळोख आणि "आई गंऽऽ!" तरी मी सगळ्यांना टिपा दिल्या. पोट भरून येऊ नका. चष्मा खिशात. वळण दिसत न्हाय, म्हणून मान ताठ ठेवा.

काकांना सांगितलं, ताईला तुमच्यासंगं फिरायचंय. पप्पांनाबी तेच सांगितलं. दोघं मॉलच्या दारात समोरासमोर आले, आणि दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच सरकत्या जिन्याखाली जावंसं वाटलं.

लायनीत उभं राहिलो तर सुरू.

"पिंके, तुझ्या बापाला सांग, माझ्या पायावर पाय द्यायला लागलाय."

"पप्पा, ऐकलं न्हवं?"

"मी काय ऐकलं न्हाय. त्यांना सांग, पाय आवरून घ्या म्हणावं."

दोघांत वीतभर अंतर! मी मधी पोस्टमन.

गाडी चारच माणसांची. दोन सीट पुढं, दोन मागं. मी म्हटलं, हीच संधी! मोठ्यानं, लायनीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "थोरल्यांचा मान पुढं! काका, पहिली सीट तुमची!"

काकांची छाती दोन इंच फुगली. सदरा सारखा केला आणि आमदार जीपमधी बसतात तसे बसले. शेजारी मी. मागं पप्पा आणि ताई. फेट्याचं उसनं फिटलं म्हणायचं, मला वाटलं.

दांडा खाली आला. अंधार झाला. गाडी कुरकुरत वर, वर, आणि मग खाली!

काय सांगू! खाली कधी जातोय, वळतोय कुठं, काय दिसत न्हाय. पोट मागच्या सीटवर ऱ्हायलं आणि मी पुढं गेले. माझ्या टिपांपैकी एकबी कामाला आली न्हाय. आणि त्या काळोखात मागनं पप्पांचा आवाज आला,

"आण्णाऽऽऽ!"

दीड वर्षानं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं (थोडं वाऱ्यानंबी असंल).

"धर, दांडा धर, बाळ्या! सोडू नगंस!" काका ओरडले.

गाडी परत उंचावर चढली आणि टोकाला जाऊन थांबली. एकदम शांत.

"आण्णा..." पप्पा हळू म्हणाले.

"बोल की."

ताईनं मागनं माझा खांदा गच्च धरला.

"आण्णा, पोरीच्या लग्नाला..."

आणि गाडी उलटी सुटली! मागं! मागच्या मागं, खाली! पाचातल्या एकाबी व्हिडिओनं हे दाखवलं न्हवतं. (दाखवलं असंल. काळोखात पुढं काय आणि मागं काय, कळतंय व्हय?)

पप्पांना भीती वाटली की हसू फुटतं. लई हसू फुटतं. ते खदाखदा हसायला लागले आणि त्या हसण्यात, देवा, त्यांना विनोद सुचला.

"आण्णा! बघा! आता मी पुढं झालो!"



लाईट लागली. दांडा वर झाला. काका उतरले, कुणाचा हात धरला न्हाय.

"ठरवून केलासा," माझ्याकडं बघून म्हणाले. "पयल्यांदा मान द्यायचा आणि मग सगळ्यांच्या देखत मागं घालायचं."

"काका, मला म्हाईत न्हवतं ही उलटी जाती!"

"पाच व्हिडिओ बघून आलीस न्हवं?"



काका तसेच अनवाणी निघाले. चढताना काढलेल्या चपला कोस्टरजवळच्या रॅकमधी ऱ्हायल्या. मी चपला घेऊन पार्किंगपर्यंत पळाले. त्यांनी चपला घेतल्या, पायात घातल्या आणि माझ्याकडं न बघता गाडी चालू केली. वर आले, तर ताई पप्पांना विचारत होती, "तुम्हाला आत्ताच विनोद सुचायचा होता?" आणि पप्पा भिंतीकडं तोंड करून उभे. त्यांचं हसू कधीच संपलंवतं.

त्याला आता आठ दिवस झाले. काकांची पत्रिका तशीच टेबलावर हाय. आधी आमच्यात दोन माणसं एकमेकांशी बोलत न्हवती. आता तीन माणसं माझ्याशी बोलत न्हाईत.

तुमच्यात कुणी असं भांडण मिटवायला जाऊन वाढवून ठेवलंय का? सांगा की! कितीबी लांबलचक लिवा, मला सध्या वेळच वेळ हाय.