काळ्या मातीवरची फरशी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, तो आपणच मंजूर करून आणल्यासारखं वाटत होतं. देगलूरहून त्यांची बदली या नव्या जिल्ह्याच्या गावी झाली. पाटबंधारे खात्यात ते कारकून होते. ती सगळी दुष्काळी वर्षं. खात्याकडे पाणी सोडून बाकी सगळं होतं, तरी दादा रोज इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर जात.

गावाच्या कडेला आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं आणि पुढे थोडी मोकळी जागा उरली. ती मायची झाली. तिला ती कुणी दिली नव्हती. तिनं कुदळ उचलली आणि घेऊन टाकली. वांगी, मिरच्या, दोडक्याचा वेल, कोपऱ्यात लिंबोणी. टँकरचं पाणी प्यायलाच पुरायचं नाही, म्हणून तिनं घरातल्या माणसांच्या अंघोळी झाडांना वाटून दिल्या. न्हाणीपासून तिनं चर काढले होते, आणि अंघोळीला कोण बसलंय ते पाहून ती चराचं तोंड फिरवायची. आम्ही बहिणी वांग्यांच्या वाट्याला आलो होतो, दादा लिंबोणीच्या. आम्ही एक तांब्या जास्त घेतला तर ती ओरडायची. दादांना कधी ओरडली नाही. लिंबोणी अंग धरत होती.

दादांना मात्र ती जागा चिखलाची वाटायची. पाऊसच नव्हता तिथं चिखल कुठला, पण त्यांच्या लहानपणची गल्ली त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. गावकुसाबाहेरच्या त्या गल्लीतून गुडघाभर राड तुडवत ते शाळेत जायचे, आणि पायऱ्यांवर पोचले की त्यांच्या पायांकडे पाहून वर्ग हसायचा. आपल्या दारात फरशी पाहिजे, हे वेड त्यांनी तेव्हापासून जपलं होतं. आता त्याला जिल्ह्याचं निमित्त मिळालं. दार जिल्ह्याच्या गावाला शोभलं पाहिजे, असं ते जेवताना सांगू लागले.

मग त्यांचा अभ्यास सुरू झाला. ऐन उन्हाळ्यात दुपारी ते ओळखीच्यांच्या घरी जात, चपला काढत आणि त्यांच्या अंगणात अनवाणी उभे राहत. लोकांना वाटायचं, साहेबांना काहीतरी अडचण सांगायची आहे आणि तोंडातून शब्द फुटत नाही. कडप्प्यावर त्यांचे पाय भाजले. सिमेंटचा कोबा उन्हानं तडकतो, हे त्यांनी एका घरमालकाला त्याच्याच अंगणात वाकून दाखवलं, आणि तिथला चहा तेव्हापासून बंद झाला. अखेर शहाबादी फरशी ठरली. ती तापते कमी, घसरत नाही, आणि बैल उभा केला तरी फुटत नाही, असं ते म्हणत. आमच्याकडे बैल नव्हता.

काळ्या रानावर काही टिकवायचं तर आधी माती उकरून मुरूम भरावा लागतो. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं, दादांनाही होतं. पण त्यांनी अंगणात पहार मारली तर ती खणकन वाजून परत आली. एवढ्या टणक जमिनीला मुरूम कशाला, असं ते म्हणाले. गवंड्याला खणायचा कंटाळा होता, त्यानं लगेच मान डोलावली. त्या दोघांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जमीन आता कायम अशीच राहणार, असं त्या वर्षांत सगळ्या गावालाच वाटू लागलं होतं.

वांगी गेली, मिरच्या गेल्या, चर बुजले. लिंबोणीभोवती टोपलीएवढी जागा सुटली. दादांनी मोठ्या मनानं मायला तेलाचे रिकामे डबे आणून दिले आणि यात लाव म्हणाले. तिनं डबे पालथे घालून ठेवले. संध्याकाळी ते नव्या फरशीवर खुर्ची टाकून बसले, तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "माज्या मायनं जलमभर लोकाच्या रानात खुरपलं. म्या एवढ्याशात खुरपत हुते, त्ये बी बघवलं न्हाई तुमाला."

दादांनी पेपर तोंडासमोर धरला. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि मला त्यांचा फार राग आला होता.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. काळी माती पाणी पिऊन फुगली आणि फरश्या उचलल्या गेल्या, कुठे वर, कुठे तिरक्या. फाटक त्यांना अडून उघडेना. जिल्ह्याच्या गावचे आमचे दादा जेवणाचा डबा काखेत धरून कुंपणावरून ऑफिसला जाऊ लागले. सांध्यांतून मिरच्या उगवल्या, दोडका उगवला. माय काही उपटत नव्हती. वेल खुर्चीच्या पायाशी पोचला, तेव्हा दादांनीच खुर्ची सरकवून घेतली.

एका रविवारी त्यांनी पहार घेतली. आता मुरूम भरून फरशी पुन्हा बसवणार, असं आम्ही धरून चाललो होतो. फाटकापुढच्या फरश्या निघाल्या, मग जुन्या वांग्यांच्या जागेवरच्या निघाल्या. तिथं ते थांबले. माय पिठाच्या हातांनी दारात उभी होती. त्यांनी तिला विचारलं, "तुला कुठवर पाहिजे, सांग. तेवढी काढतो."

माय हाताचं पीठ झाडत राहिली. मला वाटलं, तिचा राग गेलेला नाही. पण तुला जमीन किती पाहिजे, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, तिच्या आईलाही नाही. ती उतरली, अंगणभर फिरली, लिंबोणीपाशी गेली, परत आली. शेवटी भिंतीलगत पायानं एक रेघ ओढून म्हणाली, "तुमची खुर्ची बसंल एवढी ऱ्हाऊ द्या."

एवढं सांगून ती आत गेली आणि चुलीपुढे बसून रडली. बाहेर दादा फरश्या काढत राहिले.