दोन टप्पे

एब्राम टेरविलिगर लाकडी पिंपं बांधायचा. हडसनकाठच्या आमच्या गावात त्याच्या शब्दाला वजन होतं; पिंप गळणार असेल तर गिऱ्हाइकाला आधी तोच सांगे. त्या काळी बेसबॉलमध्ये चेंडू एका टप्प्यानंतर झेलला तरी फलंदाज बाद व्हायचा. पंचाला दिसलं नाही तर तो खेळाडूलाच विचारी. खेळाडू सांगेल ते खरं.

अठराशे अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात धक्क्यावरच्या संघाशी आमचा सामना होता. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचा शेवटचा गडी टेउनिस, जोडे शिवणारा, एब्रामचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने चेंडू उंच गवतात मारला. त्यांचे दोघेजण फेरी पुरी करून घरच्या तळावर पोचले, म्हणजे झेल नसेल तर सामना त्यांचा; तेवढ्यात एब्राम गवतातून चेंडू घेऊन उठला.

पंच म्हणून शाळामास्तर होते. "किती टप्पे, एब्राम?"

"एक."

टेउनिसची माणसं ओरडली, "अरे, नीट विचारा त्याला."

"त्याला काय विचारायचं?" टेउनिस म्हणाला. "तो काय तुमच्यासारखा आहे?" आणि त्याने बॅट खाली ठेवली.

रिवाजाप्रमाणे यजमानांनी जेवण दिलं. टेउनिसने स्वतः एब्रामच्या ताटात कालवं वाढली. "खा लेका. म्हाताऱ्या घोड्यासारखा पळालास आज." एब्राम जेवला नाही. मी शेजारीच होतो. मला वाटलं, दमलाय.

पुढच्या वसंतात टेउनिस बायकामुलांसह ओहायोला निघाला. एब्रामने त्याची पेटी बोटीपर्यंत उचलून नेली, ती खाली ठेवली, आणि नुसता उभा राहिला. "काय रे?" टेउनिसने विचारलं. "काही नाही. जपून जा." त्यानंतर एब्राम कधी खेळला नाही.

सात वर्षांनी नियम बदलला. आता झेल हवेतच घ्यायचा. एब्रामच्या कारखान्यात पोरं त्यावर वाद घालत होती. पिंपावर कडं ठोकता ठोकता तो थांबला.

"त्या दिवशी दोन टप्पे पडले होते," तो म्हणाला.

पोरं हसली. "मग काय बिघडलं, काका? आता तर एकही चालत नाही."

एब्रामने माझ्याकडे पाहिलं. त्या सामन्यातलं तिथे माझ्याखेरीज कोणी नव्हतं. त्याला काय हवं होतं ते मला कळलं, आणि मी म्हणालो, "जाऊ दे, जुनी गोष्ट."

तो पुन्हा कडं ठोकू लागला.

टेउनिसचा पत्ता माझ्याकडे होता. एब्रामने मागितला नाही. एब्राम वारला त्या हिवाळ्यापर्यंत मीही दिला नाही.